धरणाची मच्छी, ज्वारीची भाकर

समृद्धी महामार्गावरून नागपूरहून शिर्डीकडे निघालेली गाडी कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव हे तिन्ही तालुके तासाभरात मागे टाकते. गाडीतला माणूस वाशिम जिल्हा ओलांडतो, पण वाशिमचं अन्न त्याच्या पोटात जात नाही. त्यासाठी महामार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागावं लागतं: कारंजा, शेलूबाजार, मालेगाव करत मेहकरकडे जाणाऱ्या, नाहीतर अकोल्याहून वाशिममार्गे हिंगोलीला उतरणाऱ्या. या रस्त्यांवर, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, आठवडी बाजाराच्या कडेला किंवा धरणाकडे वळणाऱ्या फाट्यावर टिनाच्या शेडमधली एखादी खानावळ दिसते. पत्र्यावर लाल रंगात हाताने लिहिलेलं असतं: मच्छी फ्राय, वजडी, गावरान कोंबडी, झुणका, भाकर. आत चार-सहा बाकडी, पाण्याचा जार, भिंतीवर कॅलेंडर आणि मागे चूल.

या खानावळीला आपण एक संस्था मानत नाही, ही माझी तक्रार आहे. वाशिमची ओळख सांगताना आपण वाकाटकांचं वत्सगुल्म सांगतो, बालाजीचं मंदिर सांगतो, कारंज्याचं गुरुमंदिर, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि पोहरादेवी सांगतो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा म्हणून सांगतो. जेवणाचा विषय निघाला की मात्र ‘इथं काय, साधंच’ म्हणून मोकळे होतो. या साध्या जेवणामागे धरणं आहेत, मच्छीमारांच्या सोसायट्या आहेत, भोयांची पिढीजात विद्या आहे, आणि बायांचे हात आहेत. एवढं सगळं ज्या टिनाच्या शेडखाली एकत्र येतं, त्या शेडची नीट ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न बाहेरचा माणूस हमखास विचारतो: वाशिमला समुद्र कुठला, मग मच्छी कुठली? समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. सुरमई-पापलेट इथे कधी घरचं नव्हतं. समुद्राचं जे काही इथवर पोचलं ते वाळून: सुके बोंबील, सुकट, झिंगे. आठवडी बाजारात सुकटीचं दुकान एका टोकाला बसतं आणि वासानेच सापडतं. वांग्यात सुकट, तव्यावर भाजून लसणाबरोबर कुटलेली सुकटीची चटणी, बोंबलाचा झणझणीत रस्सा हे शेतमजुराच्या घरचं पावसाळ्यातलं जेवण. भाजी महाग झाली, हाताला काम नाही, अशा दिवसांत मूठभर सुकट सगळ्या घराची भाकर खपवते.

ताजी मच्छी मात्र गोड्या पाण्याची. जिल्ह्याच्या कडेने पैनगंगा वाहते, पोटातून अडाण आणि अरुणावती निघतात, काटेपूर्णा इथेच उगम पावून अकोल्याकडे जाते. या नद्या बारमाही भरून वाहणाऱ्या नाहीत. डिसेंबरनंतर अनेक ठिकाणी त्यांचे डोहच उरतात. पूर्वी डोहात मिळायचा मरळ, वाम, शिंगाळा, मागूर. मग धरणं आणि तलाव झाले. वाशिम शहराला पाणी पाजणारं एकबुर्जी, कारंजा तालुक्यातलं अडाण, शिवाय गावोगावचे लहान-मोठे प्रकल्प. पाणी थांबलं तसं मासळीचं गणितही बदललं, कारण रोहू आणि कटला साचलेल्या पाण्यात वाढतात खरे, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं.

ही अडचण सुटली ती १९५७ च्या १० जुलैला, दूर ओडिशात. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूजवळच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क मादीला टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणलं. तोवर देशभरच्या तळ्यांसाठी मत्स्यबीज नदीच्या पुरातून गाळून गोळा करावं लागे, आणि त्यात नको ते मासेही येत. त्या प्रयोगानंतर हवं ते बीज हवं तेव्हा तयार होऊ लागलं. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो यासाठी. समुद्रापासून इतक्या लांबच्या फाट्यावर आज रोहूचा तुकडा तेलात पडतो, त्याचं मूळ त्या प्रयोगात आहे. पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं, सरकारी भाषेत बोटुकली, धरणात सोडतात. मच्छीमार सहकारी संस्था तलावाचा ठेका घेतात, बीज घालतात, राखण करतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळं भरून येतं.

जाळं टाकणारे बहुतेक भोई. पालखी वाहणं आणि पाण्यावर जगणं हा या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. पालख्या गेल्या, पाणी राहिलं. कुठल्या वाऱ्याला मासा कुठल्या काठाला लागतो, गाळाच्या तळ्यातला आणि मुरमाच्या तळ्यातला मासा चवीला वेगळा का, हे त्यांना शिकवावं लागत नाही. धरणाजवळच्या खानावळीला मच्छी पहाटेच्या जाळ्यातून थेट येते आणि तीच तिची खरी पुंजी असते. गावातल्या खानावळीकडे दुसरी वाट आहे: आंध्रातल्या तळ्यांमधून बर्फात, खोक्यांतून येणारी मच्छी. ती वर्षभर मिळते, आकाराला सारखी असते, भावाला परवडते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक बाकड्यावर टेकता टेकताच विचारतं, ‘धरनाची हाय का आंध्रची?’ प्रामाणिक मालक खरं सांगतो. धरणाची नसेल तर आज कोंबडी घ्या म्हणतो. माझ्या मते खानावळीची पहिली परीक्षा हीच.

मरळाची गोष्ट वेगळी. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून बाजारात टबातल्या वीतभर पाण्यात जिवंत विकला जातो. काटे कमी, मांस घट्ट, त्यामुळे भावही चढा. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मरळाचा रस्सा देणारी घरं आजही आहेत. मागूरही असाच चिवट, पण त्याच्याबाबतीत डोळे उघडे ठेवावेत. आफ्रिकी मागूर झपाट्याने वाढतो आणि पाण्यातले बाकीचे मासे फस्त करतो, म्हणून त्याच्या पालनावर देशात २००० साली बंदी आली. तरी तो चोरून पाळला जातो. देशी मागूर लहान असतो. टबात हातभर लांबीचं धूड दिसलं की ते घेऊ नये.

आता कढईपाशी येऊ, कारण या जेवणाचा जीव तिथे आहे.

गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा एक वास असतो. तळ्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांपासून तो येतो आणि माशाच्या कातडीत, चरबीत मुरतो. आंबटाने तो मरतो. हे रसायनशास्त्र शाळेत न गेलेल्या बाईलाही हाताने ठाऊक असतं. खवले काढून, पोट साफ करून, आतलं काळं पटल बोटाने खरवडून काढलं की ती तुकड्यांना मीठ-हळद चोळून बाजूला ठेवते. तुकड्यांनी पाणी सोडलं की ते ओतून देते आणि मच्छी पुन्हा धुते. मग दुसरा हात: लसूण, आलं, हिरवी मिरची आणि सांबार यांचं पाट्यावर वाटलेलं वाटण, लाल तिखट, आणि लिंबू किंवा चिंचेचा कोळ. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या वाचकाने इडलीचं सांबार समजू नये. रोहूच्या शेपटाकडच्या भागात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात. तिथे ती सुरीने एकमेकींच्या जवळ तिरप्या चिरा देते. चिरांतून मसाला शिरतो आणि तेलात ते काटे इतके कुरकुरीत होतात की बोचत नाहीत.

कोकणात वरून रवा किंवा तांदळाचं पीठ लावतात. इकडे बेसन, आणि त्यात मूठभर ज्वारीचं पीठ. बेसनाने आवरण धरतं, ज्वारीने ते खरखरीत होतं. पीठ पातळ भिजवून भज्यासारखं लपेटणाऱ्या खानावळी आहेत, मला ते पटत नाही. जाड कवचाखाली शिळी मच्छी लपते. कोरडं पीठ नुसतं चोळून झटकलेला तुकडा तेलात गेला की मासा ताजा आहे की नाही ते लगेच कळतं. ताजा असेल तर कडा वर उचलतात, मांस घट्ट राहतं. शिळा असेल तर तुकडा पसरतो.

तेल आता सोयाबीनचं. वाशिमच्या शेतांतून ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन पसरत गेलं, तशी कढईही बदलली. तेल मध्यम तापलेलं हवं. तुकडा सोडला की आधी मोठा तडतडाट होतो, बुडबुडे दाट येतात. हे माशातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. बाई झारा घेऊन उभी असते, पण हलवत नाही. आवाज उतरू लागला, बुडबुडे विरळ झाले की एकदाच उलटायचं. दुसऱ्या बाजूचा आवाज उतरला की काढायचं. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, सगळं कान सांगतो. बाहेर कोणी बोलत असलं तरी तिचं लक्ष त्या आवाजावर असतं. ‘बसा ना भाऊ, गरम काढून रायली,’ एवढंच ती मान न वळवता म्हणते.

शेजारच्या चुलीवर भाकर. परीक्षा दुसरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते एकजीव धरून ठेवतो तो मळणारीचा तळवा. पीठ ताजं असेल तर साध्या पाण्यात जमतं, पिठाची विरी गेली असेल तर कढत पाणी घालावं लागतं. कोपरात, म्हणजे परातीत, गोळा तळव्याच्या टाचेने रगडून रगडून मऊ करायचा, खाली कोरडं पीठ भुरभुरून थापायचा, आणि पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायचा. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकतंय न सुकतंय तोच उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यापाशी उभी धरायची. चांगली भाकर तिथे टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. गॅसवर थेट जाळीवर भाजलेली भाकरही फुगते, पण निखाऱ्याची धग तिला लागत नाही. चुलीवर भाकर थापणारी खानावळ सापडली तर दोन किलोमीटर आडवाट करूनही तिथेच जावं.

ताट येतं ते स्टीलचं. एका कडेला कांदा, लिंबाची फोड, ठेचा. वाटीत रस्सा, त्यावर लाल तर्री. रस्सा बहुधा डोक्याचा असतो. कटल्याचं डोकं मोठं, त्यात गर भरपूर, म्हणून त्याची मुंडी रश्शात जाते आणि मधले तुकडे कढईत. पहिला घास नुसत्या मच्छीचा घ्यावा, लिंबू न पिळता. बाहेरचा थर खरपूस, आत पांढरी, ओलसर पाकळी सुटलेली. मागून मिरचीचा जाळ येतो, लसूण येतो, आणि शेवटी गोड्या पाण्याच्या माशाची स्वतःची गोडसर चव जिभेवर राहते. मग भाकर कुस्करून रश्शात. अर्धी भाकर संपते न संपते तोच टोपली घेऊन कोणीतरी उभं असतं. ‘घ्या ना, एवढ्यानं काय होते?’ मोजून वाढणं या खानावळीला जमत नाही, आणि ताटात टाकून उठणं तिला आवडत नाही.

पत्र्यावर लिहिलेली वजडी, म्हणजे बकऱ्याचं आतडं-पोट, हीसुद्धा आवर्जून मागावी. चुन्याच्या किंवा कढत पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, बारीक कापून, तासन् तास शिजवून तिचा रस्सा होतो. खुर, मुंडी, रक्ती ही सगळी त्याच कुळातली. ज्यांच्या वाट्याला चांगलं मांस येत नव्हतं, त्यांनी उरलेल्या भागांना दिलेली ही चव आहे. मानोरा-मंगरूळपीरकडच्या बंजारा तांड्यांवर बकऱ्याचं रक्त आणि आतले भाग एकत्र शिजवून सळोई करतात. तिच्यात काही वाया जात नाही, आणि ती सगळ्या तांड्यात वाटली जाते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराची नोंद केली. ती वाचल्यावर लक्षात येतं की पाकशास्त्राच्या आपल्या पुस्तकांतून केवढा महाराष्ट्र बाहेर राहिला होता.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल फूड याच वाटेने आलं. गुलामगिरीत मालकाने टाकलेले डुकराचे भाग, पालेभाज्यांचे देठ, मक्याचं पीठ, आणि नदीतला मांजरमासा, म्हणजे आपल्या मागूर-शिंगाळ्याचाच भाऊबंद, मक्याच्या पिठात घोळवून तळलेला. विसाव्या शतकात सुमारे साठ लाख माणसं दक्षिणेतून शिकागो, न्यूयॉर्ककडे गेली आणि हे अन्न सोबत घेऊन गेली. हार्लेममध्ये सिल्व्हिया वूड्स यांनी १९६२ मध्ये काढलेलं उपाहारगृह आज त्या शहराचं भूषण आहे. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती माँटगोमेरीची जॉर्जिया गिलमोर. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या १९५५-५६ च्या बहिष्कारात तिने बायांना जमवून तळलेली मच्छी, कोंबडी, केक विकले आणि तो पैसा आंदोलनाला दिला. आंदोलनातल्या सहभागापायी तिची स्वयंपाकिणीची नोकरी गेली, तेव्हा तिने घरातच खानावळ थाटली, आणि मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवायला येत. त्या समाजाने आपल्या खानावळींचा इतिहास लिहिला. आपण लिहिला नाही.

लिहिण्याजोगं कमी नव्हतं. एका पंगतीला कोणी बसायचं आणि कोणाच्या हातचं खायचं, यावरच आपल्याकडे जात उभी होती. हॉटेलात वेगळे कप ठेवण्याची चाल वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं सगळ्यांना खुली केली, ती ओळ कागदावरून खाली उतरली ती अशाच बाकड्यांवर. बाजाराच्या दिवशी सोसायटीचा सचिव, ट्रकचा क्लीनर, तांड्यावरचा नाईक आणि शाळेचे गुरुजी एकाच बाकावर घाम पुसत रस्सा ओरपतात. गावात घरी गेल्यावर सगळे तसेच वागतात असं मी म्हणणार नाही. पण बाकावर तरी वागतात, आणि ही लहान गोष्ट नाही.

बायांना मात्र न्याय मिळालेला नाही. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. फाट्यावरच्या खानावळीत आजही गल्ल्यावर तो बसतो, पाटीवर त्याचं नाव असतं, आणि पहाटेपासून वाटण वाटणारी, मच्छी साफ करणारी, दुपारी चार वाजता उरलंसुरलं जेवणारी ती आत असते. ज्या चवीसाठी गिऱ्हाईक येतं ती तिची आहे. पाटीवर तिचं नाव लिहिलं पाहिजे.

धंदा सोपा नाही. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, एकादशीला कोणाचा ना कोणाचा वार असतो. खरा गल्ला बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. आषाढात आखाडीची झुंबड, की लगेच श्रावणात शुकशुकाट. तो महिना झुणका, पातोडीचा रस्सा आणि शेवभाजीवर काढायचा. पोळा झाला, श्रावण सरला, की दुसऱ्या दिवशी कर, आणि त्या दिवशी पुन्हा कढई तापते. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, धरण भरलं नाही, की बोटुकली वाढत नाहीत आणि वर्षभर आंध्रच्या खोक्यांवर भिस्त. जुन्या रस्त्यावरची काही वाहतूक समृद्धीने वर उचलून नेली. गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला काही खानावळींनी मंचुरियन, पनीर आणि बर्फातले बासाचे तुकडे सुरू केले आहेत. ते वाईट बनतं असं नाही, पण ते कुठेही मिळतं. अडाणच्या पाण्यातला रोहू, वाशिमच्या वाटणात, ज्वारीच्या भाकरीबरोबर, दुसरीकडे मिळत नाही.

तेव्हा या भागातून जाणार असाल तर मालेगावला किंवा कारंज्याला महामार्गावरून खाली उतरा. सुरमई मागू नका. मच्छी धरणाची आहे का विचारा, नसेल तर वजडी किंवा झुणका घ्या. मुंडीचा रस्सा वेगळा मागा, भाकर चुलीवरची मागा, आणि जेवण आवडलं तर गल्ल्यावर न सांगता आत चुलीपाशी जाऊन सांगा. साडेबाराच्या आत पोचा. बाजाराच्या दिवशी दोन वाजेपर्यंत धरणाची मच्छी संपलेली असते.